वसूची कोरी मतपत्रिका

सिंगापूरला लोक बागा बघायला जातात, खरेदी करायला जातात. मी भांडायला गेले होते. परत आल्यापासून कुडाळात जो तो विचारतो, "काय काय बघितलंत बाई?" प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळा आला. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच काढावं.

भांडण माझ्या धाकट्या बहिणीशी होतं. वसू माझ्याहून तेरा वर्षांनी लहान. चोवीस वर्षं झाली तिला तिकडे जाऊन. नवरा शिरीष मरीन इंजिनीअर. आधी बोटीवर होता, आता बोटींची देखभाल बघणाऱ्या एका ऑफिसात बसतो. मुलगी इरा, वय वर्षं एकोणीस. तिघंही तिथले पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी तिकडची, पासपोर्ट मात्र आपला. यंदा जानेवारीत वसूचा फोन आला, "ताई, नागरिकत्वाचं पत्र आलं. तत्त्वतः मंजूर झालंय." आपल्याकडे दोन नागरिकत्वं चालत नाहीत. तिकडचं घ्यायचं तर इकडचं सोडायचं, पासपोर्टसकट.

"तुझ्या मनात काय आहे?" मी विचारलं.

बाईसाहेब म्हणाल्या, "बघू."

हे 'बघू' मी लहानपणापासून ऐकत आले आहे. मी मनाशी पक्कं केलं, हिला हे नको आहे आणि नवऱ्यापुढे बोलायची हिंमत नाही. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंय, न बोलणाऱ्या मुलाच्या मनातलं ओळखायची सवय आहे मला. निदान तसा माझा समज होता. तिकीट काढलं, कोकम आगळाच्या दोन बाटल्या आणि सुके बांगडे भरले आणि निघाले. बांगडे वसूने फोनवर ओरडून ओरडून परत काढायला लावले.

ईस्ट कोस्ट

वसूचं घर ईस्ट कोस्टला, अकराव्या मजल्यावर. गॅलरीतून समुद्र दिसतो आणि त्यावर नांगर टाकून उभ्या असलेल्या बोटी. किती ते मोजायला गेले आणि नाद सोडला. खाली समुद्राकाठी मैलोन् मैल बाग. सकाळी सगळं गाव तिथे चालायला, सायकली फिरवायला. एकही कुत्रं अंगावर येत नाही, त्यामुळे मला दोन दिवस चुकल्यासारखं झालं.

पहिल्याच शनिवारी मी घोळ घातला. बागेतल्या हॉकर सेंटरमध्ये जेवायला गेलो होतो. हॉकर सेंटर म्हणजे एका छपराखाली तीसचाळीस खाऊची दुकानं आणि मध्ये सगळ्यांची मिळून टेबलं. तुडुंब गर्दी. वसू आणि इरा रांगेत उभ्या, मला म्हणाल्या जागा धर. मला एक टेबल रिकामं दिसलं, वर टिशूपेपरचं छोटं पाकीट. वा, म्हटलं, किती सोय आहे! बसले, पाकीट फोडलं, घाम पुसला, नाकही शिंकरलं.

डोळे उघडते तो समोर एक काळेसावळे, ताठ, पांढऱ्याशुभ्र मिशांचे आजोबा चहाचे दोन पेले घेऊन उभे. माझ्याकडे बघतायत, पाकिटाकडे बघतायत. तेवढ्यात वसू धावत आली. "ताई! अगं तो टिशू त्यांचा आहे! इथे टेबल असंच धरतात."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मग हसूच आलं. आपण एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो, तो कुणी उचलून तोंड पुसलं तर? मी उठायला लागले तर आजोबांनी हाताने बसा अशी खूण केली आणि इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, आता तुम्ही वापरलाय, मी परत घेऊ शकत नाही लाह." (हे 'लाह' तिकडे सगळे वाक्याच्या शेवटी लावतात, आपण 'हो' लावतो तसं.) आणि दुसरा पेला माझ्यापुढे सरकवला. तो त्यांच्या मित्रासाठी होता, मित्र आलाच नव्हता.

हे पोन्नुसामी अंकल. शेजारच्या इमारतीत राहतात, वय पंच्याऐंशीच्या पुढे, आयुष्य बंदरात माल मोजण्यात गेलं. वसू रोज सकाळी त्यांच्याबरोबर चालते. त्यांच्याच सांगण्यावरून इराने मला केळीच्या पानावर भाजलेला, तिखट मसाला थापलेला मासा आणून दिला. पहिला घास घेतला आणि ओळखला. पाकट! आमच्याकडे पाकट म्हणजे बाजार उठताना उरलेली मासळी, पाहुण्याला कुणी वाढणार नाही. इथे लोक रांगा लावून खातात. मी काटा चोखून खाल्ला. इरा म्हणाली, "मावशी, फर्स्ट वीक आणि यू ऑलरेडी लोकल."

आवडलं मला ते गाव, खोटं कशाला बोलू. पण मी आवडून घ्यायला आले नव्हते.

हार्बरफ्रंट

सोमवारी शिरीषने मला त्याचं ऑफिस दाखवायला हार्बरफ्रंटला नेलं. एमआरटीने, म्हणजे तिकडच्या मेट्रोने गेलो. खाली फेरी टर्मिनल, तिथून पाऊण तासात माणूस इंडोनेशियाच्या बेटावर उतरतो. हातात पासपोर्ट घेतलेल्या बायका भाजीच्या पिशव्या घेऊन रांगेत. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यात जावं तसं या बायका परदेशात जातात.

कॉफी घेऊन बसल्यावर मी मुद्द्याला हात घातला. "शिरीषराव, पीआर आहे, घर आहे, नोकरी आहे. मग पासपोर्ट सोडायची ही घाई कशाला?"

शिरीष शांत माणूस. काचेतून बोटींकडे बघत म्हणाला, "ताई, आमच्या बोटीवर एक चीफ इंजिनीअर होता, मिनेझिस. मडगावचा. आजा पोर्तुगीज अमलातला, म्हणून याला पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला. युरोपात कुठेही राहता येतं म्हणून बायकोमुलांना घेऊन इंग्लंडमध्ये घर केलं. सगळं छान. मग तिथे सार्वमत झालं, युरोपात राहायचं की बाहेर पडायचं. तेव्हा आम्ही दोघं समुद्रात होतो. सकाळी मेसमध्ये बातमी ऐकली, आणि नाश्ता तसाच टाकून तो उठून गेला."

"पण त्याला कुणी हाकललं का?"

"हाकललं नाही. पुढे सांगितलं, युरोपच्या पासपोर्टवर राहणाऱ्या सगळ्यांनी नव्याने अर्ज करा, सलग राहिल्याचा पुरावा द्या. हा वर्षातले सात महिने बोटीवर! कागदोपत्री तो त्या घरात राहतच नव्हता. बायकोमुलांचं झालं, याचं अडकलं. झालं शेवटी, पण तोपर्यंत प्रत्येक वेळी घरी जाताना याला भीती, विमानतळावरूनच परत पाठवतील. आणि ताई, त्या मतदानात त्याला मतही नव्हतं. त्याच्या घराचा निर्णय, आणि याला सोडून सगळ्या गल्लीने घेतला."

मी कॉफीचा पेला खाली ठेवला. पण मी मागे हटणारी नव्हे. म्हटलं, "सार्वमताचं मला सांगू नका. विलीनीकरण हा शब्द आमच्या घरात आजही कुणी मोठ्याने उच्चारत नाही."

आणि त्याला आमची गोष्ट सांगितली. आमचं घर सावंतवाडीचं, आईचं माहेर गोव्यात, पेडण्याला. गाडीने तासाभराची वाट. मी दहा वर्षांची असताना गोव्यात सार्वमत झालं, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. विलीन व्हायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. बाबांना तिथे मत नव्हतं, तरी फुलासाठी सायकल दामटत पेडण्यापर्यंत प्रचार करून आले. मामाने दोन पानांवर शिक्का मारला आणि वर तसं छातीठोकपणे सांगितलं. फूल हरलं. बाबा आणि मामा त्यानंतर नऊ वर्षं बोलले नाहीत, आणि त्या नऊ वर्षांत आई एकदाच माहेरी गेली. आजी वारली तेव्हा, आणि तेव्हाही बाबांनी तिला एकटीलाच पाठवलं, आणि तीही संध्याकाळी परत.

"बघा म्हणजे," मी म्हटलं. "वसूला तसं तोडू नका."

शिरीष म्हणाला, "तोडायचं नाहीये ताई. उद्या कुठला नियम फिरला तर तिला कुणी उठ म्हणू नये, एवढंच." मला तो माणूस आवडतो, हीच अडचण होती.

घरातलं मतदान

बुधवारी जेवताना इराने विषय काढला आणि शिरीषच म्हणाला, "असं करू, मतदान घेऊ. गुप्त. ताई केंद्राध्यक्ष."

आता, मला केंद्राध्यक्ष म्हणणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाच्या गळ्यात पुन्हा घुंगुर बांधणं. अहो, ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत किती निवडणुका केल्या मी! रात्रभर डासांत पेटीवर डोकं टेकून झोपले आहे. मी लगेच पदर खोचला. टिशूच्या रिकाम्या खोक्याला फट पाडली, तो उलटा करून रिकामा असल्याचं सगळ्यांना दाखवलं, चिकटपट्टीवर सही केली. इराच्या खोलीतल्या टेबलाला ओढणी लावून आडोसा केला. मतपत्रिका आधी उभी घडी, मग आडवी, म्हणजे शाई दुसऱ्या खुणेवर उमटत नाही, हे तिघांना दोनदा शिकवलं. इरा म्हणे, "मावशी, आम्ही पेन वापरतोय." म्हटलं, "तरी."

मतपत्रिका शिरीषने कॉम्प्युटरवर काढून आणली होती. वर लिहिलं होतं: सिंगापूरचं नागरिकत्व केव्हा घ्यावं? खाली तीन चौकटी. अ, लगेच. ब, इराची परीक्षा झाल्यावर. क, पत्रातल्या मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात. मी ती वाचली. खरंच वाचली, तिन्हींवर मागे सहीसुद्धा केली. पण माझं लक्ष घडीवर, चिकटपट्टीवर आणि आडोशावर. चौतीस वर्षं मतपत्रिका छापून वरून आली आणि आम्ही ती तपासली ती फक्त क्रमांक जुळतात का एवढ्यापुरती.

तिघांनी मत दिलं. मी खोका फोडला. एक अ. एक ब. तिसरी मतपत्रिका नीट उभी आडवी घडी घातलेली, आणि आत कोरी.

"इरा, मस्करी नको," शिरीष म्हणाला.

"नॉट मी लाह! मी ब ला टिक केलंय, बघ!" झालं, गुप्त मतदानाचे तीनतेरा. सगळ्यांचे डोळे वसूकडे. ती भाताचं झाकण काढून वाफ जाऊ देत होती.

माझ्या मनात उकळ्या फुटल्या. बघा, नको आहे तिला! मी म्हटलं, "कोरी मतपत्रिका म्हणजे स्पष्ट नकार."

शिरीष म्हणाला, "कोरी म्हणजे अवैध, ताई. तुमच्याच नियमाने. वैध मतं दोन, दोन्ही होकाराची."

नियम त्याच्या बाजूने होता, आणि तेच मला झोंबलं. मी नको ते बोलून गेले. म्हटलं, "तुम्हाला तिचा फक्त कागद बदलायचाय, तिच्या मनात काय आहे याच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही." शिरीष ताटावरून उठला. इराने खोलीचं दार लावून घेतलं. वसू एकटी भांडी घासत राहिली. मी मदतीला गेले तर न बघताच म्हणाली, "झालं समाधान?"

अंकलचा कोरा कागद

दुसऱ्या दिवशी सकाळी वसू डोकं दुखतंय म्हणून झोपून राहिली. मी एकटीच समुद्राकाठी गेले. पोन्नुसामी अंकल बाकावर बसले होते. माझा चेहरा बघून त्यांनी काही विचारलं नाही, बाजूला सरकून जागा केली. मग मलाच राहवेना. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. मतपत्रिका, तीन चौकटी, कोरा कागद.

अंकल मोठ्याने हसले. "मॅडम, तुमच्या मेहुण्यांनी आमचं सार्वमत घेतलं लाह!"

मग त्यांनी सांगितलं. साठ वर्षांमागे सिंगापूर अजून स्वतंत्र देश नव्हता. मलेशियात विलीन व्हावं म्हणून सार्वमत घेतलं. मतदान सक्तीचं. मतपत्रिकेवर तीन पर्याय, आणि तिन्ही विलीनीकरणाचेच. फक्त कोणत्या अटींवर, नागरिकत्व कसलं, एवढाच फरक. "तीन मांडव, नवरा एकच," अंकल म्हणाले. "नाही म्हणायला चौकटच नव्हती. विरोधातले लोक म्हणाले, कोरा कागद टाका. सरकारने आधीच सांगून ठेवलं, कोऱ्या कागदाचं काय करायचं ते आम्ही ठरवू."

"तुम्ही?"

"मी कोरा टाकला."

"म्हणजे तुम्हाला विलीनीकरण नको होतं."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "हवं होतं! माझा मोठा भाऊ समुद्रावरच्या पुलापलीकडे, मलेशियाच्या बाजूला जोहोरमध्ये, रबराच्या मळ्यावर. मला एकच देश हवा होता. माझ्याएवढा कुणालाच नसेल."

"मग कोरा कशाला?"

"कारण मला कुणी विचारलंच नाही, हवंय का म्हणून. विचारलं असतं तर मी उड्या मारत हो म्हटलं असतं."

समोर एक बाई मुलाला सायकल शिकवत होती, तो सारखा पडत होता आणि ती सारखी उचलत होती. अंकल पुढे म्हणाले, विलीनीकरण झालं आणि दोन वर्षांच्या आत मोडलंही. "आत जाताना निदान कागद तरी दिला. बाहेर पडताना तोही नाही. रेडिओवर ऐकलं. हळूहळू पुलावर पासपोर्ट आला. भाऊ त्या बाजूचा, मी या बाजूचा. तो गेला तेव्हा मी पुलावर रांगेत उभा होतो. पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "देश चांगला झाला माझा. तक्रार नाही. पण भाऊ तो भाऊ, ना मॅडम?"

मला रडू आलं. आई पेडण्याहून संध्याकाळी परत आली होती ते आठवलं, डोक्यावरचा पदर तसाच, आणि आल्या आल्या चुलीपाशी बसली होती. फूल की पान, हे आईला कोणी विचारलं होतं? बाबांनी नाही, मामाने नाही. आणि मी? मी तरी वसूला काय विचारलं होतं? फोनवर एकदा, आणि मग उत्तर माझं मीच ठरवून विमानात बसले.

वसू

घरी आले तर वसू आगळ पातळ करून सोलकढीची तयारी करत होती. मी चप्पलसुद्धा न काढता म्हटलं, "वसू, तुला हे नागरिकत्व हवंय का? हो की नाही, एवढंच सांग. मी मध्ये बोलणार नाही."

ती नारळ पिळत राहिली. मला वाटलं आता 'बघू' येणार. मग म्हणाली, "हवंय."

मी खाली बसले.

"मला मत द्यायचंय, ताई. पंचावन्न वर्षांची झाले, आयुष्यात एकदाही मत दिलेलं नाही. पहिल्या वेळी मी मुंबईला हॉस्टेलवर, नाव सावंतवाडीत. मग शिरीषबरोबर बोटीवर. मग इथे. इथे निवडणूक असते तेव्हा सगळी इमारत खाली उतरते, अंकल इस्त्रीचा शर्ट घालून जातात, आणि मी गॅलरीत उभी राहून बघते. तिकडे तू आयुष्यभर सगळ्या जिल्ह्याच्या बोटाला शाई लावलीस. माझं नाव यादीतून कुणी काढलं ते आठवतं तुला?"

मला आठवत नव्हतं. देवाशपथ.

"तू," वसू म्हणाली. "इरा लहान होती, सुट्टीत आले होते. तुझ्या टेबलावर मतदारयादी पडली होती दुरुस्तीची. माझ्या नावावर लाल रेघ, आणि पुढे तुझ्या सुवाच्य अक्षरात 'कायमचे स्थलांतरित'."

त्या वर्षी सावंतवाडीच्या यादीचं काम माझ्याकडेच होतं. रेघ मारताना नाव वाचलं असेल मी, नक्की वाचलं असेल. नियम होता तो. "अगं, नियमच होता तसा," मी म्हटलं, आणि बोलताच लाज वाटली.

"नियम बरोबरच होता गं. तू मला एक फोनही केला नाहीस, एवढंच." तिचे डोळे भरले होते, हात नारळाच्या दुधात. "शिरीषने विचारलं केव्हा. तू आलीस ती 'नको' घेऊनच. मग मी कुठल्या चौकटीत खूण करू?"

मी उठून तिला मिठी मारली. तिने ओले हात लांब धरले होते, माझ्या साडीला डाग पडेल म्हणून. मी म्हटलं पडू दे गं बाई, पडू दे डाग.

संध्याकाळी शिरीष आला तेव्हा मी दारातच त्याची माफी मागितली. तो ओशाळून म्हणाला, "ताई, असं काय करता? चुकलं माझंही." मग बूट काढता काढता, जसं भाजी काय आणू विचारावं तसं, त्याने वसूला विचारलं, "वसू, घ्यायचं ना आपण? की नको? नको असेल तर मी आणि इरा घेऊ, तू राहा अशीच. नियम फिरला तर बघू तेव्हाचं तेव्हा." ही चौकट त्याने काल छापली असती तर!

वसू म्हणाली, "घ्यायचं." इरा म्हणाली, "फायनली!" आणि सोलकढीची वाटी एका दमात प्यायली.

भारताचं नागरिकत्व सोडायचा अर्ज शिरीषने छापून आणला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. शिरीष आणि इरा आपापल्या सह्या करून उठले. वसू तिच्या अर्जापुढे बसली होती. मी शेजारी.

"ताई," ती म्हणाली, "तुझंही सांग की. तुला विचारायचं राहिलंच."

"माझं इथे मत नाही," मी म्हटलं. "महिनाभराची पाहुणी आहे मी."

"मत नको देऊस. सांग नुसतं."

मी खूप आवरलं. पण शेवटी आलंच तोंडातून, "तू जाऊ नयेस असं वाटतं गं."

वसूने माझ्या हातावर हात ठेवला. "ताई, मी चोवीस वर्षांपूर्वीच गेले गं."

मी तिथेच, टेबलाशी, चांगली हमसून हमसून रडले. ती थांबून राहिली, सही न करता, माझं होईपर्यंत. मग तिचं पेन उमटेना, तेव्हा मी माझ्या पिशवीतलं काढून तिला दिलं.